पुढच्या टॉवरला आवाज परत येतो

२०१० च्या जूनमध्ये नोकरीला लागलो तेव्हा माझं ऑफिस म्हणजे एक पांढरी टाटा सुमो होती. मागच्या सीटवर मी, मांडीवर लॅपटॉप, लॅपटॉपला वायरने जोडलेले दोन फोन, टपावर चुंबकाने चिकटलेला जीपीएस आणि लायटरच्या सॉकेटमधून वीज ओढणारा, सतत गुणगुणणारा इन्व्हर्टर. हुद्दा ड्राइव्ह टेस्ट इंजिनियर. बार्शीला घरी सांगितलं तर अण्णा म्हणाले, "म्हणजे ड्रायव्हर?"

"नाही अण्णा, ड्रायव्हर वेगळा असतो."

"मग तू गाडीत बसून काय करतोस?"

याचं नीट उत्तर द्यायला मला बरीच वर्षं लागली.

काम सांगायला सोपं होतं. टॉवरभोवती गाडी फिरवायची, एक फोन सारखा कॉल लावतो-तोडतो, दुसरा नुसता ऐकतो, आणि लॅपटॉपवर रस्त्याचा नकाशा रंगत जातो. हिरवं म्हणजे बरं, लाल म्हणजे वाईट. संध्याकाळी लॉजवर बसून लॉगफाइल पाठवायची. पगार आठ हजार, तोही थर्ड पार्टी पेरोलवर. म्हणजे ज्यांच्यासाठी राबायचो त्यांच्या हजेरीपटावर आमचं नाव नव्हतं, आणि ज्यांच्या पटावर होतं त्यांचं ऑफिस मी कधी पाहिलं नाही.

पण त्या सुमोत मी एक गोष्ट शिकलो, जी कॉलेजात चार वर्षांत कुणी शिकवली नव्हती. टॉवरला साधारण तीन तोंडं असतात: अल्फा, बीटा, गॅमा. एक उत्तरेकडे, मग १२० अंशांवर, मग २४० वर. पाथर्डीच्या पुढे बीडच्या रस्त्याला एक नवीन साइट होती. तिच्याभोवती फिरताना पूर्वेला असलो की फोन गॅमा दाखवायचा आणि पश्चिमेला गेलो की बीटा. मी वरिष्ठांना फोन करून सांगितलं की केबल उलट्या लागल्यात. पलीकडून उत्तर आलं, "इन्स्टॉलेशन टीमने फोटो पाठवलेत, सगळं ओके आहे, तू पुढच्या साइटला जा." मी गेलो नाही. पुन्हा एक फेरी मारली, नकाशाचा स्क्रीनशॉट काढला, आणि रिगरला चहा पाजून वर चढवला. तो चाळीस मीटरवरून खाली आला, हातमोजे काढले आणि म्हणाला, "साहेब, दोन जंपर उलटे होते." मला कुणी शाबासकी दिली नाही. उलट साइटला दोन तास जास्त लावले म्हणून विचारणा झाली. पण नकाशावरचा रंग बघून चाळीस मीटर वरच्या वायरीबद्दल खात्रीने बोलता येतं, याची नशा त्या दिवशी चढली ती अजून उतरलेली नाही.

२ फेब्रुवारी २०१२ ला सुप्रीम कोर्टाने टूजीचे १२२ परवाने रद्द केले. आम्ही जालन्याच्या बाहेर चहा पीत होतो, टपरीवर टीव्ही चालू होता. आमचा प्रोजेक्ट ज्या नव्या ऑपरेटरचा होता त्याचं नाव खालच्या पट्टीत सरकताना दिसलं. ड्रायव्हर मामांनी विचारलं, "उद्याची साइट?" उद्याची साइट नव्हती. चार महिने घरी बसलो. अण्णा काहीच बोलायचे नाहीत, आणि तेच जास्त लागायचं.

त्यानंतर थ्रीजीचं काम मिळालं, मग फोरजीचं. ड्राइव्ह टेस्टमधून ऑप्टिमायझेशनला आलो, म्हणजे गाडीतून खुर्चीवर. अँटेना दोन अंश खाली वाकव, शेजारी सेल जोड, हँडओव्हरचा, म्हणजे चालू कॉल एका टॉवरवरून दुसऱ्यावर सोपवण्याचा, ऑफसेट एक डीबीने हलव. २०१६ हे वर्ष तर श्वास न घेता गेलं. ५ सप्टेंबरला जिओ सुरू झालं आणि अख्ख्या देशाला कळलं की आता बोलणंसुद्धा डेटावरून जातं. व्होल्टी हा शब्द आमच्या मामांनाही पाठ झाला. माणसं कमी पडायची म्हणून मी पुन्हा अधूनमधून गाडीत जायचो.

अशाच एका फेरीत आम्ही कुंभार्ली घाट उतरत होतो. मामा स्पीकरवर घरी बोलत होते. म्हणजे बोलत होत्या त्यांच्या सौभाग्यवती, मामा फक्त हं हं करत होते. मध्येच त्यांचा आवाज गेला. मामा शांतपणे म्हणाले, "ऐकू येईना. थांब जरा, पुढच्या टॉवरला आवाज येईल." आणि खरंच, दोन वळणांनंतर फोन दुसऱ्या टॉवरवर गेला आणि आवाज जिथून तुटला होता तिथून नव्हे, पण आला. आमच्या लॉगमध्ये असे कॉल दिसायचे. सिग्नल बरा, कॉल तुटलेला नाही, आकडेवारीत यशस्वी. आम्ही शेऱ्याच्या रकान्यात 'म्यूट कॉल' लिहायचो. तो रकाना कुणी वाचायचं नाही.

मग बाजार आटला. एके काळी दहा-बारा ऑपरेटर होते. कुणी दिवाळखोरीत गेलं, कुणी विकलं गेलं, व्होडाफोन आणि आयडिया ऑगस्ट २०१८ मध्ये एक झाले. दोन नेटवर्कची दोन टीम असायची तिथे एक उरली. ड्राइव्ह टेस्टचे दर इतके उतरले की डिझेलचा हिशेब बसेना. आणि त्याच सुमारास माझ्या हाती एक कागद लागला. मोबाइलची मानकं थ्रीजीपीपी ही संस्था लिहिते, आणि ती तिच्या साइटवर कुणालाही फुकट उतरवून घेता येतात. त्यात ३७.३२० क्रमांकाचं एक मानक आहे. सामान्य ग्राहकाच्या फोननेच सिग्नल मोजून, जागेसकट नेटवर्कला कळवायचा, अशी त्यात सोय. नाव काय, तर 'मिनिमायझेशन ऑफ ड्राइव्ह टेस्ट्स'. रिलीज १० मधलं, २०११ चं. म्हणजे मी बीडच्या उसातून सुमो फिरवत होतो तेव्हा कुठल्यातरी वातानुकूलित हॉलमध्ये माझी नोकरी कमी करायचा मसुदा मंजूर होत होता. नावातसुद्धा आडपडदा नाही! मला राग आला नाही, हसू आलं. आणि मग वाटलं, हे लिहिणारे आणि हे प्रत्यक्षात उतरवणारे लोक असतात तरी कुठे? तिकडे जायला पाहिजे.

मी तिशीत होतो, लग्न झालेलं, मुलगी दीड वर्षाची. सी भाषा शेवटची पाहिली होती ती इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. पुण्यात कोथरूडच्या भाड्याच्या घरात रात्री साडेदहा ते साडेबारा असा वेळ काढायचो. एक दिवस सी, एक दिवस मानक. ३६.३३१ हे एलटीईच्या, म्हणजे फोरजीच्या, आरआरसीचं मानक शेकडो पानांचं आहे. फोन आणि टॉवर यांच्यात कोणते संदेश जायचे त्याचे नियम म्हणजे आरआरसी. पहिला महिना ते दगड चावल्यासारखं वाटलं. मग एक युक्ती सापडली: पहिल्या पानापासून वाचायचंच नाही. माझ्याकडे सहा-सात वर्षांच्या लॉगफाइल होत्या. त्यातला एक फसलेला हँडओव्हर उघडायचा, त्यातला एकेक संदेश मानकात शोधायचा. टी३०४ हा टायमर का सुटला, सुटल्यावर फोनने काय करायला हवं होतं, त्याने काय केलं. खंडाळ्याच्या बोगद्याच्या तोंडाशी पडलेला कॉल एकदा ओळखीचा झाला की कलम आपोआप लक्षात राहायचं. माझ्या मते या धंद्यात शिरायचा दुसरा रस्ता असेलही, पण महागडे प्रोटोकॉल कोर्स हा तो नव्हे. ते कलमांची नावं पाठ करून घेतात, फसलेला कॉल हातात देत नाहीत.

पाच मुलाखतींत नापास झालो. सगळ्यांचा साचा एकच. प्रोटोकॉलवर विचारायचे तेव्हा मी समोरच्याला दोन गोष्टी जास्त सांगायचो. मग कागद पुढे यायचा: सर्क्युलर बफर लिही, मेमरी कुठे गळते सांग, व्होलाटाइल म्हणजे काय. मी गप्प. एकाने सरळच म्हटलं, "तुम्ही फील्डचे आहात, डेव्हलपमेंटला का येताय?" प्रश्न चुकीचा नव्हता. 'फील्डचे' हा शब्द मात्र गावाकडचा पाहुणा म्हटल्यासारखा आला.

सहाव्या ठिकाणी डेव्हलपर म्हणून नाही, टेस्टर म्हणून घेतलं. बेंगळुरूला, बेस स्टेशनचं, म्हणजे टॉवरवरच्या यंत्रणेचं, सॉफ्टवेअर बनवणाऱ्या एका कंपनीत. पगार होता त्याच्या तीन चतुर्थांश. बायकोने एकच विचारलं, "तिथे गेल्यावर तरी रात्री झोपशील का?" २०१९ च्या मार्चमध्ये आम्ही सामान हलवलं.

लॅब पाहून मी थक्क झालो. फोन एका पत्र्याच्या शील्ड बॉक्समध्ये बंद, त्याला केबल, केबलमध्ये सिग्नल क्षीण करणारा अटेन्युएटर. घाट हवा असेल तर अटेन्युएटरचा आकडा वाढवायचा, झाला घाट. पाऊस नाही, ट्रक नाही, ऊस नाही. सगळं स्वच्छ. मी वर्षभर टेस्ट केसेस चालवल्या आणि डेव्हलपरांना सतावलं. बग टाकताना 'कॉल पडतो' एवढंच न लिहिता, कोणत्या टायमरच्या कितव्या मिलिसेकंदाला काय घडलं आणि मानकाच्या कोणत्या कलमाशी ते जुळत नाही, असं लिहायचो. काहींना ते आवडायचं. काहींना वाटायचं हा जरा अतीच करतो.

मग लॉकडाउन. लॅब बंद, घरातला एक कोपरा ऑफिस. त्या काळात मी लॅपटॉपवर एसआरएसएलटीई हे मुक्त सॉफ्टवेअर बसवलं. त्यात बेस स्टेशनही आहे आणि फोनही, आणि दोन्ही एकाच मशीनवर रेडिओशिवाय, झीरोएमक्यूच्या जोडणीने एकमेकांशी बोलवता येतात. स्वयंपाकघरातल्या टेबलावर माझं स्वतःचं नेटवर्क उभं राहिलं, एका ग्राहकाचं. मी त्याच्या कोडमध्ये मुद्दाम मोडतोड करायचो. एक संदेश उशिरा पाठव, एक क्रमांक खोटा दे, आणि पलीकडचा फोन काय करतो बघ. सी तिथे शिकलो. त्याआधी जे करत होतो ती घोकंपट्टी होती.

आमच्या लीड मॅडमनी हे कुठूनतरी ऐकलं आणि मला एक काम दिलं, जे कुणालाच नको असायचं: काउंटर. बेस स्टेशन दर पंधरा मिनिटांनी आकडे देतं, किती कॉल लागले, किती तुटले, का तुटले. कोडमध्ये हे आकडे वाढवायच्या ओळी म्हणजे भांडी घासायचं काम. फ्रेशरच्या गळ्यात मारतात. पण मी हेच आकडे सहा वर्षं पलीकडून वाचले होते. कोणता काउंटर ऑपरेटरला खरंच लागतो आणि कोणता नुसता रकाना भरतो, ते मला माहीत होतं. एक काउंटर हँडओव्हरमध्ये दोनदा वाढत होता, तो मी पहिल्या आठवड्यात काढला. २०२० च्या दिवाळीनंतर मी अधिकृतपणे डेव्हलपर झालो. बत्तिसाव्या वर्षी, बावीस वर्षांच्या पोरांच्या हुद्द्यावर.

आणि पुढच्या पावसाळ्यात तो बग आला.

परदेशातल्या एका ग्राहकाची तक्रार: व्होल्टीवर कधीकधी ऐकणाऱ्याला काही ऐकू येत नाही. कॉल तुटत नाही, सिग्नल चांगला, काही वेळाने आपोआप ठीक होतं. लॅबमध्ये तीन आठवडे प्रयत्न चालले होते, एकदाही घडलं नव्हतं. बैठकीत 'फोनचा दोष असेल' इथपर्यंत गाडी आली होती. तक्रारीसोबतचे लॉग मी रात्री उघडले. आवाज जातो, वीस सेकंद, चाळीस सेकंद, आणि परत येतो तो नेमका हँडओव्हरनंतर. प्रत्येक वेळी. माझ्या कानात मामा बोलले: थांब जरा, पुढच्या टॉवरला आवाज येईल.

मग प्रश्न सोपा झाला. टॉवर बदलताना असं काय होतं, ज्याने बिघाड धुऊन निघतो? पॅकेटांना क्रमांक आणि कुलूप लावणाऱ्या पीडीसीपी या थराचं मानक ३६.३२३. त्यात लिहिलंय की हँडओव्हरला आवाज वाहणाऱ्या अशा बेअररचे, म्हणजे वाहिनीचे, क्रमांक पुन्हा शून्यापासून सुरू करायचे. म्हणजे क्रमांकातच गडबड.

आवाजाचं प्रत्येक पॅकेट कुलूपबंद जातं, आणि किल्ली पॅकेटच्या क्रमांकावर ठरते. पूर्ण क्रमांक लांबलचक असतो, तो हवेतून पाठवणं परवडत नाही. म्हणून फक्त शेवटचे काही बिट पाठवतात, वरचा भाग दोन्ही टोकांनी मनात मोजायचा. या ग्राहकाने पॅकेटमागे एक बाइट वाचवायला ७ बिटांचा क्रमांक निवडला होता. ० ते १२७, मग पुन्हा ०. पुन्हा ० आला की फोनने मनातला आकडा एकाने वाढवायचा, मोटारीच्या मीटरसारखा. आता समजा सलग १२८ किंवा त्याहून जास्त पॅकेटं वाटेतच गळाली, तर मीटर एक फेरी फिरून आलं हे फोनला कळतच नाही. त्याचा आकडा एकाने मागे राहतो, किल्ली चुकते, आणि तिथून पुढचं प्रत्येक पॅकेट उघडल्यावर कचरा निघतो. एलटीईत बोलण्याच्या पॅकेटवर अखंडतेचा शिक्का नसतो, त्यामुळे हा कचरा आहे हे त्या थराला उमगत नाही. आवाज २० मिलिसेकंदांना एक पॅकेट पाठवतो. १२८ गुणिले २० म्हणजे २.५६ सेकंद.

आमचं बेस स्टेशन फोनकडून उत्तर येईना की त्याला पाठवणं थांबवायचं. फोनची ताकद जेमतेम २०० मिलिवॉट, त्यामुळे वळणावर फोनला टॉवर ऐकू येतो पण टॉवरला फोन ऐकू येत नाही, असं सर्रास होतं. फोनच्या दृष्टीने सगळं आलबेल, म्हणून कॉल तोडायचं कारण नाही. तेवढ्या वेळात रांगेत साचलेली आवाजाची पॅकेटं शिळी झाली म्हणून आमचा कोड फेकून द्यायचा. पण क्रमांक त्यांना आधीच देऊन ठेवलेले! तीन सेकंद असं चाललं की मीटर फिरलंच.

मग लॅबमध्ये का घडत नव्हतं? पहिलं कारण तासाभरात सापडलं: ट्रेस वाचायला सोपं जावं म्हणून लॅबमध्ये एन्क्रिप्शन बंद ठेवलेलं. कुलूपच नाही तर किल्ली चुकणार कशी. ते चालू केलं. तरीही नाही! दोन दिवस डोकं धरून बसलो. तिसऱ्या दिवशी टेस्टमध्ये वाजणारी आवाजाची फाइल हेडफोन लावून ऐकली. एक बाई एक वाक्य म्हणते, मग थांबते, मग दुसरं वाक्य. माणूस थांबला की फोन २० ऐवजी १६० मिलिसेकंदांना एकच छोटं पॅकेट पाठवतो. त्या शांततेमुळे तीन सेकंदांत १२८ चा आकडा कधी गाठलाच जात नव्हता. बिघाड व्हायला पलीकडच्याने न थांबता बोलायला हवं.

मी मराठी बातम्यांचं एक रेकॉर्डिंग टाकलं, निवेदिका दम न घेता बोलतेय असं. अटेन्युएटर तीन सेकंद फक्त एका दिशेने वाढवला. आवाज गेला. स्क्रीनकडे बघून मी एकटाच टाळ्या वाजवल्या. कुंभार्ली घाटात मामींचा आवाज कशामुळे जायचा हे मला आजही छातीठोकपणे सांगता येणार नाही, ते नेटवर्क आमच्या कोडवर चालत नव्हतं. पण त्या दम न घेता बोलत होत्या, हे मात्र नक्की.

दुरुस्ती चाळीस-एक ओळींची होती. क्रमांक रांगेत शिरताना नाही, रांगेतून बाहेर पडताना द्यायचा. ग्राहकाला १२ बिटांचा सल्लाही दिला. तिथे फेरी पूर्ण व्हायला ८० सेकंदांहून जास्त लागतात. फाइव्हजीच्या मानकात तर ७ बिटांचा पर्यायच ठेवलेला नाही, १२ किंवा १८.

या चाळीस ओळींनी माझी गाडी रुळावर आली, हे कबूल करायला हवं. त्याआधीच्या तीन वर्षांच्या रात्री कुणी मोजल्या नसत्या. पुढच्या वर्षी बढती मिळाली, १ ऑक्टोबर २०२२ ला देशात फाइव्हजी सुरू झालं तेव्हा मी ३८ मालिकेतल्या मानकांत मानेपर्यंत बुडालेलो होतो. २०२४ मध्ये विचारलं गेलं की मॅनेजर व्हायचंय का, बारा जणांची टीम आहे. मी आठवडाभर ती कामं करून पाहिली: रजेचे अर्ज, रेटिंगची भांडणं, रंगीत तक्ते. नको म्हणालो. आता आर्किटेक्टच्या शिडीवर आहे. ती शिडी सावकाश चढते आणि वरच्या पायऱ्या कमी आहेत, हे आधी सांगितलं जात नाही. मॅनेजर झालेल्या माझ्या बरोबरीच्यांना जास्त मिळतं. कधीकधी बोचतंही. मग एखादा लॉग उघडतो.

मध्यंतरी बार्शीला गेलो होतो. अण्णांना शेवटी समजावलं मी काय करतो ते, मोटारीच्या मीटरचं उदाहरण देऊन. त्यांनी नीट ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हणजे अजून गाडीचंच."

परत येताना मामांना फोन लावला. ते आता साताऱ्यात शाळेची व्हॅन चालवतात. मी मोठ्या उत्साहात सांगितलं की मामा, तुमच्या त्या घाटातल्या बोलण्यावरून मी एक मोठा बिघाड शोधला, आवाज पुढच्या टॉवरला परत येतो तो. विचारलं, "आता जातो का हो आवाज घरी बोलताना?"

"काय माहीत बुवा," मामा म्हणाले. "आता आम्ही व्हॉट्सॲपवरच बोलतो."